वाजवून घेतलेला हेडर

आमच्या गाडीत काहीच बिघाड नव्हता, म्हणून मी ती दुरुस्तीला काढली.

झालं असं, की मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. इंजिनाचा धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणाऱ्या नळ्यांचा जुडगा असतो, त्याला हेडर म्हणतात. कंपनीचा काढून बाहेरचा स्टीलचा बसवला, की गाडी वाऱ्यासारखी पळते म्हणे! (आमची गाडी माझ्यासारखीच, चढाला दम खाते.) लगेच मागवला. व्हिडिओवाला बजावत होता, "वेल्डिंग आतून बघा, जोड आरपार भरलाय का बघा." आता स्टीलची पारख मला कोण शिकवणार? नात्यातल्या प्रत्येक लग्नात आंदणाची भांडी मीच निवडली आहेत! हेडर पिशवीत घातला आणि सरळ नांदेडच्या आमच्या नेहमीच्या भांड्यांच्या दुकानात गेलो.

दुकानदार मुनीरभाईंनी टिचकी मारली. टण्ण! चुंबक लावलं, चिकटलं नाही.

"अस्सल माल हाय, भाऊ! घागरीवानी वाजून राहिला."

"आणि वेल्डिंग?"

"चमकतंय की लई!"

आतून बघायचं दोघांनाही सुचलं नाही. घागर कोण आतून बघतं? बोलता बोलता मुनीरभाईंनी सवयीनं नाव कोरायचं मशीन उचललं. "नाव काय टाकू?" मीही सवयीनं सांगून बसलो. एका नळीवर सुबक अक्षरात उमटलं : 'प्रल्हाद सोनटक्के, नांदेड'.

हेडर बसवला आणि त्याच आठवड्यात भाच्यासाठी, सुशीलसाठी, मुलगी बघायला लातूरच्या पुढच्या एका गावी निघालो. मुलीचे वडील निवृत्त गुरुजी. गाडीत बसताना अक्कानं, म्हणजे सुशीलच्या आईनं, मला दम भरला.

"परल्या, तिथं तोंड उघडू नको. गुरुजीला गोंगाट चालत न्हाई. पोराची सोयरीक जुळता जुळता लई येळा मोडली."

मी तोंड उघडलं नाही. अहमदपूरच्या पुढे गाडीनं उघडलं.

फट्ट! आणि मग असा आवाज, की पुढचा मालट्रक घाबरून कडेला लागला.

"मामा, काय झालं?" सुशील ओरडला.

"पॉवर वाढली!" मीही ओरडलो.

गावात शिरताना गाडीखालून काहीतरी टण्णकन पडलं, पण थांबायचा धीर झाला नाही. कुत्री भुंकायचीसुद्धा विसरली. एका म्हशीनं दावं तोडलं. मी गाडी शाळेमागे लपवली आणि सगळे साळसूदपणे चालत गुरुजींच्या घरी पोचलो. पोहे आले.

"मघाशी आवाज कशाचा होता हो?" गुरुजींनी विचारलं.

"कुठं तरी बोअर मारून राहिले वाटतं," मी म्हणालो. अक्कानं माझ्याकडे असं बघितलं, की मी पोह्यांच्या बशीत मान घातली.

तेवढ्यात शेजारचा माणूस ओल्या पोत्यात काहीतरी धरून आला. दोन्हीकडचे जोड सुटलेली, अजून तापलेली हेडरची चकचकीत नळी!

"गुरुजी, पाव्हण्याचं भांडं पडलं जी वाटंला. नाव बी हाय, बघा."

गुरुजींनी चष्मा लावला आणि हजेरी घ्यावी तसं खणखणीत वाचलं. मग माझ्याकडे वळले. "बोअरवाले तुम्हीच का?"

अक्कानं तोंडाला पदर लावला. सुशीलचा उतरलेला चेहरा बघून मला खरोखर रडू आलं. माझ्या हौसेपायी हीही सोयरीक गेली!

"वाजवून घेतला होता, गुरुजी," मी पुटपुटलो. "चुंबक बी लावलं होतं."

आतल्या खोलीत मुलगी फिस्सकन हसली. गुरुजी मात्र हसले नाहीत. त्यांनी सुशीलला जवळ बोलावलं.

"खरं सांगा सुशीलराव, फोटो बघून आमच्या पोरीला पसंत कोणी केलं?"

"मीच, गुरुजी. मामाला विचारलं बी न्हाई."

"हाव? मग जमलं म्हणा!" गुरुजींनी सुटकेचा श्वास सोडला. "मामानं पारखून पसंत केली असती, तर मला माझ्याच पोरीची शंका आली असती!"