कदमांची फेरचौकशी

ठाण्यात किस्से जमवावे लागत नाहीत. माणूस रिपोर्ट लिहून घरी जातो आणि किस्सा मागे बाकावर बसून राहतो. मध्यभारत नवा झाला तेव्हा मी बी.ए. करून इंदूरच्या एका ठाण्यात लागलो. नवं राज्य, कायद्यापुढे सगळे सारखे, असा माझा जोश! त्यामुळे आमच्या सब-इन्स्पेक्टर कदमांचे किस्से ऐकून बाकीचे हसायचे, मी चिडायचो.

*

जुनी इंदूर भागात लीला नावाच्या एका तरुणीचे मामा विहिरीत मेलेले सापडले. त्यांनी तिचं लग्न मानपूरच्या एका बिजवराशी ठरवलं होतं आणि त्यावरून झालेलं भांडण सगळ्या गल्लीने ऐकलं होतं. संशय अर्थातच तिच्यावर. चौकशीला कदम गेले आणि रिपोर्ट लिहून आले: शेवाळावरून पाय घसरला, पायरीवर ताजी खूण आहे.

आमचे हेड कॉन्स्टेबल रामसिंग, म्हणजे दीवानजी, म्हणाले, "पांव किसका फिसला साहब? मामा का या आपका?"

*

मग कदमांची फेरचौकशी सुरू झाली. ती संपेचना.

"आता काय राहिलंय?" मी विचारलं.

"विहिरीची खोली बघायचीय."

दीवानजींनी नाक वर करून वास घेतला. "खोली नापने को रस्सी ले जाते हैं भिया, इत्तर नहीं."

*

शेवटी मी स्पष्ट बोललो. "तिच्यावर खुनाचा संशय आहे आणि तुम्ही तिच्याकडे पोहे खाता. केस दुसऱ्याला द्या."

"दिली तर तो तिला फाशी चढवेल."

"आणि तिनेच ढकललं असेल तर?"

कदम बराच वेळ पट्टा घट्ट करत राहिले. "तेवढं विचारलं नाही अजून."

"मग चौकशीला जाऊन विचारता काय?"

"बाकी सगळं."

*

बोभाटा जिल्ह्याच्या पोलीस कप्तानसाहेबांपर्यंत गेला. त्यांनी मुद्दाम कदमांनाच लीलाला अटक करायला पाठवलं. कदम तिला गल्लीतून चालत घेऊन आले. भाजीवालीने विचारलं, "साहेब, हथकडी नाही?"

लीलाच म्हणाली, "विसरले असतील. हल्ली फार विसरतात."

ठाण्यात कदमांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली. दीवानजी उभ्याउभ्या म्हणाले, "मुलजिम को कुर्सी? हमें तो आज तक स्टूल नहीं मिला."

*

कोर्टात सरकारी वकिलांचं म्हणणं एकच: दोघांमध्ये काहीतरी आहे, म्हणून कदमांचा रिपोर्ट खोटा. हे जज्जांना पटलं, तर पायरीवरची खूण गेली आणि लीलाही गेली. तिच्या वकिलांनी तिला बजावून ठेवलं होतं, "पहिली चौकशी कोणी केली, असं विचारतील. नाव सांगायचं, खणखणीत. परक्या माणसाचं सांगतात तसं."

जज्ज आणि सरकारी वकील दोघेही नुकतेच बाहेरून बदलून आलेले. मराठी दोघांनाही येत नव्हतं.

जज्जांनी विचारलं, "पहली जांच किसने की थी?"

कदम समोरच उभे होते. लीलाने त्यांच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. मग मान खाली घातली, खांद्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "ह्यांनी."

तिच्या वकिलांनी डोळे मिटले. मागच्या बाकावरच्या बायकांची कुजबुज एकदम थांबली.

"क्या कहा?" जज्जांनी जबाब लिहिणाऱ्या पेशकारांना विचारलं.

पेशकार आपल्यातलेच, मराठी. त्यांनी एकदा लीलाकडे पाहिलं, एकदा कदमांकडे पाहिलं, आणि टाक दौतीत बुडवला.

"नाम बताया, हुजूर. सब-इन्स्पेक्टर कदम."