बाईंसारखी हनुवटी

राहुरीला अंगणात कोवळ्या उन्हात मी वाटाणे सोलत बसले होते, तेव्हा ताईच्या दवाखान्यातून फोन आला. ऑपरेशन आटोपून चहा घेता घेता खुर्चीतच कलंडली म्हणे... हृदयच थांबलं. तेव्हापासून मी अर्धवट झोपेतच वावरते आहे. कुकरची शिट्टी होते आणि वाटतं, आता ताई ओरडेल, "छाया, गॅस बंद कर!"

ताई नगरला जबड्याच्या शस्त्रक्रिया करायची. लोक तिला 'दाताची डॉक्टर' म्हणत, आणि तीही दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नसे. दातांचं शिक्षण पुरं झाल्यावर आणखी तीन वर्षं ती चेहऱ्याची हाडं सांधायला शिकली. त्या काळात एकदा सुटीला आली ती पिशवीत चक्क कवटी घेऊन. आईनं ती उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. मग ताई बाहेर ओट्यावर बसून, डोळे मिटून त्या हाडांवरून बोटं फिरवत राहायची... ऊन उतरायचं, चिमण्या अंगणात यायच्या, हिचं आपलं चालूच. "एवढ्या लाडानं माझ्या गालावरून कधी हात फिरवला नाहीस," मी चिडवायची. पुढे मोटारसायकलवरून पडून चेहरा मोडलेला कुणी आला, की ती आधी त्याचा हसतानाचा जुना फोटो मागायची. दात कसे जुळत होते, ते त्यात दिसतं.

कोमल ही ताईची पेशंट, तिसगावकडची, आठेक वर्षांची. तान्ही असताना बैलगाडीतून हनुवटीवर पडली आणि कानापुढचा जबड्याचा सांधा हळूहळू हाडानं धरला. तोंड उघडेना. आई दुधात भाकरी कुस्करून दातांच्या फटीतून भरवायची. गेल्या पावसाळ्यात ताईनं तो सांधा मोकळा केला, पण खरी परीक्षा पुढेच होती. रोज तोंड ताणून उघडायचं, कडक चावायचं. टाळाटाळ केली तर सांधा पुन्हा धरणार. ऊसतोडीला निघण्याआधी ते सगळे दाखवायला आले, तर आई अजून कुस्करूनच भरवत होती.

"अहो, आता कशाला?" ताई चिडली.

"रडती वो लई, डॉक्टरबाई. हात आपसूकच कुस्करतो."

ताईनं आपला नंबर त्यांच्या फोनमध्ये घातला. मग म्हणाली, "मग रोज संध्याकाळी मला फोनवर दाखवायचं. माझ्यासमोर ऊस खायचा."

तेराव्यानंतर ताईचा बंद पडलेला मोबाईल माझ्याकडे आला. चार्ज केला आणि दिवेलागणीला तो वाजला. पडद्यावर उसाच्या पाचटाची खोपटासारखी कोपी, चुलीचा धूर, आणि तोंड घट्ट मिटलेली एक पोर.

"कवाधरनं फोन लागंना," मागून तिची आई म्हणाली. "आ करीतच न्हाई ही. म्हनती, बाईलाच दावीन. बाई कुठं हायेत?"

त्यांना कळवायचं कुणालाच सुचलं नव्हतं. मी सांगितलं. तिची आई पदर तोंडाला लावून खाली बसली. कोमल तशीच बघत राहिली. मला जबड्यातलं काही कळत नव्हतं, पण हे तोंड आता मिटलं तर ताईचे सगळे कष्ट पाण्यात जातील, एवढं कळत होतं. रडू आवरून मी म्हणाले, "मला दाखव. मी बाईंची धाकटी बहीण."

तिनं फोन अगदी नाकाजवळ धरला. बराच वेळ माझा चेहरा न्याहाळला.

"हनवटी बाईवानीच हाय," ती आईला म्हणाली.

आणि तिनं आ केला.