टायमकीपरची कार्डं

पिंपरीच्या आमच्या कारखान्यात गेटवर बसणारा टायमकीपर सदा दमलेला दिसायचा. बोलायच्या आधी 'बरं, असू दे' म्हणायची त्याला सवय होती. त्याच्या टेबलाच्या खणात जुन्या हजेरीकार्डांचा गठ्ठा असे आणि प्रत्येक कार्डाच्या पाठीवर सारख्या शेपटाचे इंग्रजी शब्द लिहिलेले. बक्षिसाच्या इंग्रजी कोड्यांचा नाद असलेले आम्ही दोघंतिघं शिफ्ट सुटली की आंबलेल्या अंगानं त्याच्यापुढे उभे राहायचो. शेवटची अक्षरं सांगितली की तो नेमकं कार्ड काढायचा. स्वतः मात्र त्यानं कधी कोडं भरलं नाही.

एकदा मी तिथं असताना भट्टीवरचा एक कामगार तार घेऊन आला.

"सायेब, काय म्हनत्यात बघा की."

मी डोकावलो. 'फादर एक्स्पायर्ड', एवढंच होतं. टायमकीपरनं तार दोनदा वाचली.

"बरं, असू दे. वडील सिरियस आहेत. लगेच नीघ, पण एकटा जाऊ नकोस."

त्याच्या गावचा एक माणूस आतून बोलावून त्यानं सोबत धाडला.

पुढच्या आठवड्यात मी विचारलं, "सहा अक्षरी, शेवटी पी-आय-आर-ई?"

त्यानं कार्ड काढलं. एम्पायर, अम्पायर आणि खाली शाईनं गिरवून काळी केलेली एक ओळ.

"हा तिसरा?"

"बरं, असू दे. तो नाही बसायचा तिथं," माझ्या कोड्याकडे न बघताच तो म्हणाला.

तोच बसत होता. मी ती घरं रिकामी ठेवून कोडं पोस्टात टाकलं.