मी झाकलेली निळी रेषा

हा अनुभव लिहायला मी याआधी दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा कागद फाडून टाकले. देवीने काय केलं ते सांगणं सोपं होतं. त्याआधी मी काय केलं ते लिहायची वेळ आली की हात थांबायचा. पण एक सोडून दुसरं सांगितलं तर तेही एक खोटंच होईल, म्हणून आज सगळं लिहितो आहे.

धामणकर नाक्याजवळ माझं लहानसं ऑफिस आहे. लूमवाल्यांना साडीच्या काठाची डिझाइनं कॉम्प्युटरवर करून देणं हा माझा धंदा. सासुरवाडी तालुक्यातल्याच एका आतल्या गावात, भाताची शेती करणाऱ्या घरात. सासऱ्यांना मी मामा म्हणतो आणि सासूबाईंना आई. तीन वर्षांपूर्वी माझ्या बायकोच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं आणि गाठ तपासायला पाठवली. तो रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कसे गेले ते मी कुणाला सांगू शकणार नाही. मी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत बसलो होतो आणि आईंनी वज्रेश्वरीला नवस केला होता, की माझी लेक धड घरी आली तर जुन्या डोंगरवाटेनं अनवाणी चालत येईन. गाठ साधी निघाली. मी डॉक्टरांचे आभार मानले. देवीला मी तेव्हा नमस्कार करायचो तो नाक्यावरच्या ओळखीच्या माणसाला करावा तसाच, जाता जाता.

आईंचा नवस फेडायचा म्हणजे डोंगर चढून पलीकडे उतरायचं. रस्ता झाल्यापासून त्या वाटेनं गावातलं कुणी गेलं नव्हतं. मामा तरुणपणी गेले होते, पण त्यालाही खूप वर्षं झाली होती. मला डोंगरात फिरायचा नाद आहे आणि माझ्याकडे हातात धरायचं जीपीएस आहे. मी म्हटलं, वाट मी काढतो. सर्वेचा एक जुना नकाशा मिळवला. त्यात डोंगराच्या उंचीच्या रेषा होत्या, ओढे होते आणि तुटक रेघांनी पायवाटाही दाखवलेल्या होत्या. तो स्कॅन केला, त्याची पांढरी पार्श्वभूमी काढून पारदर्शक केला आणि यंत्रातल्या नेहमीच्या नकाशावर वरून पसरवला, म्हणजे खालचं आणि वरचं दोन्ही एकदम दिसावं. डिझाइनमध्ये एकावर एक थर ठेवायचं काम मी रोजच करतो, त्यामुळे हे मला हातचा मळ वाटलं. जुन्या नकाशांचं मोजमाप वेगळ्या पायावर केलेलं असतं आणि ते यंत्रात नीट जुळवून घ्यावं लागतं, हे मी वाचलेलं होतं. पण निघायच्या आदल्या दुपारी गावातली चार माणसं भोवती कौतुकानं बसली होती, आणि त्यांना दाखवायच्या घाईत मी ते जुळवणं सोडून दिलं.

माघातली सकाळ होती. आम्ही नऊ जण निघालो. बायको एसटीनं परस्पर वज्रेश्वरीला येणार होती. गावाबाहेरच्या ओढ्यावर मी यंत्र काढून बघितलं तर पडद्यावर ओढ्याच्या दोन निळ्या रेषा दिसत होत्या, एक खालच्या नकाशातली आणि एक वरच्या. ओढा एकच होता, मी त्यातच उभा होतो. वरचा थर सरकला होता. फार नाही, हाकेच्या अंतराइतका. त्याच क्षणी मला सगळं कळलं. तिथे मी थांबायला हवं होतं. नाहीतर निदान "मामा, पुढे तुम्ही चला" एवढं म्हणायला हवं होतं. पण भावकीतला एक जण खांद्यावरून वाकून बघत होता. त्यानं विचारलं, "दोन-दोन रेषा कशाला?" मी बटण दाबून वरच्या नकाशाची पारदर्शकता काढून टाकली. खालचा नकाशा झाकला गेला आणि रेषा एक झाली. "आता बघ," मी म्हटलं, "बरोबर आहे ना?" तो हो म्हणाला.

डोंगराच्या सोंडेवर, वाळलेल्या कारवीत, वाटेला दोन फाटे फुटत होते. मी डावीकडे वळलो तसे मामा थांबले. डोळ्यांवर हात धरून त्यांनी बराच वेळ बघितलं आणि उजवीकडे बोट केलं.

"पाव्हणं, ही नव्हं. वरच्या अंगाची वाट आपली हाय. डावी नाल्यात जाते."

पडद्यावरची तुटक रेघ डावीकडे होती. ती सरकलेली असणार हे माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. पण एवढ्या माणसांत मागे हटायचं माझ्या जिवावर आलं. मी म्हणालो, "मामा, नकाशा वाचायला शाळा शिकावी लागते. तुमची झालीय किती?"

"चौथी," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी डोक्याला गुंडाळला आणि सगळ्यांना पुढे जाऊ देऊन स्वतः मागे राहिले. आईंनी माझ्याकडे एकदा बघितलं. आम्ही डावीकडे उतरलो.

डावी वाट तासाभरात संपली. खाली कोरड्या नाल्याचे धोंडे लागले, उतार वाढत गेला, वर ऊन आणि दोन्ही बाजूंनी तापलेला दगड. आईंना उपास होता. पाय पोळत होते तरी चपला घालायला तयार नव्हत्या. दुपार झाली तेव्हा पाणी संपलं होतं. एका धोंड्यापाशी त्या बसल्या त्या उठेचनात. हात गार पडले आणि लेकीचं नाव घेऊन काहीतरी तुटक बोलायला लागल्या. मामा त्यांच्यावर टॉवेलची सावली धरून बसले. फोनला रेंज नव्हती. सगळे माझ्याकडे बघत होते.

वाट बघून येतो म्हणून मी एका कपारीआड गेलो आणि तिथे हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा मनापासून जोडले असतील. आणि मी काय मागितलं? आई वाचू दे, हे माझ्या तोंडून आधी आलं नाही. "कुणाला कळू देऊ नकोस," हे पहिलं आलं. ते ऐकून माझं मलाच कसंतरी झालं. एक बाई तिकडे तोंड कोरडं पडून बसली आहे आणि मी देवीकडे माझी अब्रू मागतो आहे. मी खाली बसलो. मग एवढंच म्हटलं, "मला काही कळत नाही. आता तू बघ."

थोड्या वेळानं वरून हाक आली, "चंद्ये! ये चंद्ये!" एक बाई धोंड्यांवरून सरसर उतरत होत्या. पन्नाशीच्या असतील. लुगड्याचा कासोटा, कमरेला विळा. आम्हाला बघून त्या दचकल्या.

"इकडं कुठं उतरलाव? हितनं मानूस उतरत न्हाय. पुढं कडा हाय, कडा!"

त्या म्हैस शोधत होत्या. आईंना बघितल्यावर म्हैस विसरल्या. नाल्याच्या वळणावर जाऊन विळ्यानं आणि हातानं वाळू उकरू लागल्या. हात-दीड हात खोल गेल्यावर ओल आली आणि मग गढूळ पाणी भरायला लागलं. ते निवळू दिलं, पदरातून गाळलं, आईंच्या तोंडाला लावलं. ओटीच्या पिशवीत गूळ होता. आई मान हलवून नको म्हणाल्या, तो देवीचा होता.

"देवीचाच हाय ना?" त्या बाई म्हणाल्या. "मंग ती काय ना म्हनते? खा."

आईंनी खाल्ला. ऊन कलल्यावर आम्ही त्यांना चादरीच्या झोळीत घालून आळीपाळीनं वर काढलं. बाई पुढे चालत होत्या. वर एक स्वच्छ, रुळलेली वाट होती. आम्ही जिथे अडकलो होतो तिथून हाक मारली तर ऐकू येईल इतकी जवळ. मामांनी दाखवलेली तीच ती वाट. बाईंनी आम्हाला उतारापर्यंत आणून सोडलं, आपल्या पाड्याचं नाव सांगितलं आणि म्हैस शोधायला परत फिरल्या.

मंदिराच्या पायऱ्यांखाली बायको उभी होती. आईची अवस्था बघून रडायलाच लागली. "असं कसं झालं?" तिनं मला विचारलं. मी म्हणालो, "यंत्र बिघडलं." सगळ्यांनी माना डोलावल्या. यंत्रच ते, बिघडायचंच. आणि मामा, ज्यांना मी सकाळी चौथीवरून बोललो होतो, तिला म्हणाले, "पाव्हण्यांचा काय दोस न्हाय, पोरी." त्या दिवशी गाभाऱ्यात मी देवीच्या तोंडाकडे बघितलं नाही.

महिनाभर नीट झोप लागली नाही. शेवटी त्या बाईंना साडी द्यायची म्हणून मामांना घेऊन मी त्यांच्या पाड्यावर गेलो. त्यांनी अंगणात घोंगडी टाकली, चहा केला. मी विचारलं, म्हैस सापडली का? त्या हसायलाच लागल्या.

"चंद्री कुठं गेलीच नव्हती. गोठ्यामागं पेंढ्याशी बसली व्हती. मना वाटला नाल्यात तिची घंटा वाजते, म्हनून उतरली. मी तिकडं कंदी जात न्हाय."

मामांनी हात जोडून कपाळाला लावले. मला तिथे बसवेना. त्या बाईंसमोरच मी बोललो. यंत्र बिघडलं नव्हतं. ओढ्यावरच मला कळलं होतं. दुसरी रेषा मी मुद्दाम झाकली. मामा, तुमचं बरोबर होतं, आणि तसं वाटत असतानाही मी तुम्हाला तसं बोललो.

मामांनी मला सावरून घेतलं असं लिहायला आवडलं असतं. तसं झालं नाही. ते उभे राहिले. "तिला काय झाला असता तं?" एवढंच म्हणाले आणि एकटेच एसटीच्या थांब्याकडे चालत गेले. त्या संध्याकाळी मी बायकोला सांगितलं, मग आईंना, मग त्या दिवशीच्या प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगितलं. बायको बरेच दिवस कामापुरतं बोलत होती. मामा वर्षभर बोलले नाहीत. ते योग्यच होतं.

पुढच्या माघात एका सकाळी ऑफिसचं दार ढकलून ते आत आले. नाक्यावरच्या रिक्षांच्या गोंगाटानं वैतागलेले. बसले नाहीत. "ही पुन्ना चालत जायचा म्हनते. पानी उचलायला मानूस पायजे," म्हणाले. मी पाण्याचा हंडा उचलला. सबंध डोंगर सगळ्यांच्या मागून चाललो, वाट कुठे वळते ते न विचारता. आईंनी चार वेळा पाणी मागितलं, चारही वेळा मी दिलं. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं, आणि इतकी लाजही.

घंटेचं काय ते मला सांगता येणार नाही. त्या बाईंनी ऐकली, आम्ही कुणी ऐकली नाही, आणि आज आई घरात आहेत. देवीकडे मी अब्रू मागितली होती. तिनं पाणी पाठवलं. अब्रू मात्र दिली नाही, त्याबद्दल मी तिचा फार ऋणी आहे. शरण जाणं म्हणजे काहीतरी मोठं असेल असं मला वाटायचं. माझ्या वाट्याला ते "माझं चुकलं" एवढ्याच शब्दांत आलं, आणि ते म्हणायला मला महिना लागला.

त्या दुसऱ्या खेपेला मंदिराच्या पायऱ्यांवर मोठी रांग होती. मी खालीच घुटमळत होतो. वरून मामांनी वळून बघितलं, दोन पायऱ्या उतरून आले आणि माझ्या हातातला रिकामा हंडा स्वतःकडे घेतला.

"चला पाव्हणं," ते म्हणाले. "रांग पुढं सरकली."