वरचं खालच्यावर

"वरचं नेहमी खालच्यावर बसवायचं, मग आभाळ फाटलं तरी घर गळत नाही," असं वसंतराव खातू म्हणायचे.

हे ते देवरुखजवळच्या घरांवर कौलं चढवताना शिकले होते. वरचं कौल खालच्यावर, वरचा पत्रा खालच्यावर, पन्हळीचा वरचा तुकडा खालच्यावर. पुढे शारजाच्या औद्योगिक भागात त्यांनी पत्राकामाचं वर्कशॉप टाकलं आणि हॉटेलांच्या स्वयंपाकघरांतला धूर बाहेर नेणारे डक्ट करू लागले, तेव्हाही हेच वाक्य सोबत होतं. तिथे त्याची परीक्षा कधी झाली नाही, कारण ते डक्ट सगळे वेल्डिंगने सांधलेले असत. वर्कशॉपचा दुसरा नियमही त्यांचाच: ज्याचा हात चुकला, त्यानेच ते काम आपल्या हाताने उलगडायचं. दुसऱ्याने हात लावायचा नाही.

त्या दुपारी पिकअप रास अल खैमाच्या डोंगरांकडे चालली होती. स्टिअरिंगवर त्यांचा मुलगा दर्शन. आता धंदा तोच बघत होता.

"बाबा, पासपोर्ट आणलात ना?"

"आणलाय. देणार नाही."

"अहो, व्हिसा संपत आलाय. काहीतरी एक करायलाच हवं."

"रिन्यू करणार असशील तर आत्ता घे. कॅन्सलसाठी मागत असशील तर खिशातच राहू दे."

दिवाळीच्या सुमारास वसंतराव शिडीवरून घसरले होते. पाय वाचला, पण तेव्हापासून वर्कशॉपमध्ये ग्राइंडरचा आवाज मधेच थांबला की दर्शन केबिनमधून उठून बाहेर येई. आई देवरुखला एकटी होती. त्यांनी आता तिकडे जावं, अंगणात बसावं, जिवंत असावं, एवढंच त्याला हवं होतं.

"आजची साइट बघ," वसंतराव खिडकीबाहेर बघत म्हणाले. "माझ्या हातून काही चुकलं असेल, तर मीच देतो पासपोर्ट. नसेल चुकलं, तर गपगुमान रिन्यू कर. कबूल?"

"कबूल," दर्शन म्हणाला, आणि म्हटल्याबरोबर त्याला वाटलं की आपण जुगार खेळायला बसलो आहोत.

साइट म्हणजे राजन पाटणकरचं डोंगरातलं फार्महाउस. राजन दुबईत एका लॉजिस्टिक्स कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता आणि थंडीतल्या सुट्ट्या घरच्यांसह इथे काढायचा. हॉलच्या भिंतीत आधीच्या मालकाने लोखंडी पेटीसारखी शेगडी बसवली होती. तिची निम्मी ऊब भिंतच खाऊन टाकायची. राजनने ती काढायला सांगितली आणि तिच्या जागी सुटी उभी शेगडी मागवली. चार पाय, काचेचं दार, आणि छत फोडून सरळ वर जाणारा काळा पाइप.

"म्हणजे बंब," ती पाहून वसंतराव म्हणाले होते.

"काका, युरोपातून आलीय हो ती!"

"पाय आहेत, पोट आहे, नळी आहे. आता बंब नाही तर काय म्हणू?"

राजन तेव्हा पोट धरून हसला होता आणि दुबईला निघून गेला होता; पाइप त्याच्या मागे वसंतरावांनी एकट्याने बसवला. काल मात्र फोनवर त्याचा आवाज कोरडा होता. "दर्शन, तुमचा पाइप गळतोय. बुधवारच्या पावसापासून."

ते पोचले तेव्हा शेगडी पेटलेली होती. राजनची मुलगी ईश्वरी सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. "इट्स डुइंग इट अगेन, बाबा," ती म्हणाली.

पाइपच्या प्रत्येक सांध्यापासून खाली तपकिरी ओघळ आले होते. सगळ्यांच्या देखत एक थेंब सुटला, तापल्या लोखंडावर पडला आणि चुर्र झाला. खोलीत उग्र, आंबूस वास पसरला.

"छतातून पाणी येतंय," राजन म्हणाला. "आई रात्री इथेच झोपते. तिला दमा आहे. मला टेन्शन आलंय, खरं सांगतो."

"छतातून नाही येणार," वसंतराव म्हणाले. "शिडी लाव."

"मी चढतो, बाबा."

"काम माझं आहे."

दर्शनने बाहेर शिडी धरली. वडिलांच्या चपला त्याच्या डोळ्यांसमोरून वर गेल्या. एका पायरीवर उजवा पाय थांबला आणि थरथरला. दर्शनच्या हातांना शिडीतून ती थरथर कळली. त्याने खाली मान घातली. वर पावलं वाजली, मग पत्र्यावर बोटांनी ठोकल्याचा आवाज.

"कोरडं ठणठणीत!" वरून आवाज आला. त्यात विजय होता.

खाली उतरून वसंतराव आत आले. पुढचा थेंब त्यांनी बोटावर झेलला, नाकाजवळ नेला, आणि तसेच उभे राहिले. दर्शननेही ओघळावर बोट फिरवलं. चिकट होतं. वास पावसाचा नव्हता. आजीच्या चुलीवरच्या वाशांना यायचा तो वास होता, धुराचा, वर्षानुवर्षं मुरलेला.

राजनने पावसात भिजलेली लाकडं घातली होती, तसलीच आणखी फडताळाशेजारी रचलेली दिसत होती. त्यांची वाफ धुराबरोबर वर जात होती, गार पाइपला लागून पाणी होत होती, आणि आतल्या अंगाने खाली उतरत होती. आणि सांध्याशी वरचा तुकडा खालच्यावर टोपीसारखा बसला होता. नेमका, घट्ट, देवरुखच्या कौलासारखा. कौलांवर पाणी बाहेरून येतं. इथे ते आतून येत होतं. इथे वरचं टोक खालच्याच्या पोटात शिरायला हवं होतं.

दर्शनने वडिलांकडे पाहिलं. त्यांची नजर एकेका सांध्यावरून हळूहळू वर चढत होती. त्यांनाही कळलं होतं.

"हा चिकटा साचला तर पेटतो," दर्शन म्हणाला. "आग विझवू. सांधे उलटे बसलेत."

"उलटे?" राजन पुढे आला. "बसवले कोणी?"

एवढंच हवं होतं. एक शब्द, आणि पासपोर्ट त्याच्या हातात आला असता. पण समोर म्हातारा माणूस बोटावर काळा थेंब घेऊन उभा होता. त्यांना घरी पाठवायचं होतं, पण असं नव्हे.

"रामेश्वरने," दर्शन म्हणाला. "आमचा फिटर. नवीन आहे."

"मग काढून टाका ना त्याला. खलास! असली माणसं कशाला ठेवता?"

"बघतो मी."

वसंतरावांनी मान वळवून मुलाकडे पाहिलं. फार वेळ नाही. रामेश्वर अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली होता, आणि या क्षणी शारजात त्यांच्याच टेबलाशी पत्रा कापत होता.

निखारे काढले. शेगडी थंड होऊ दिली. चहा आला आणि त्यावर साय धरली. मग वसंतराव स्टुलावर चढले आणि स्क्रू काढू लागले.

"बाबा, मी धरतो."

त्यांनी कोपराने त्याचा हात बाजूला सारला. पहिला तुकडा निघाला तसा काजळीचा लोट त्यांच्या सदऱ्यावर आला. दुसरा, तिसरा. प्रत्येक तुकडा ते पुसत, उलटा करत, बाजूला ठेवत. दर्शन दोन पावलांवर हात पुढे करून उभा होता. स्टूल हलत होतं.

"काका, तुम्ही कशाला त्रास घेता?" राजन अवघडून म्हणाला. "उद्या त्या रामेश्वरलाच पाठवा ना."

"त्याला इथला रस्ता माहीत नाही," वसंतराव पाइपच्या तोंडातून आत बघत म्हणाले. "तो या घरात कधी आलेला नाही."

राजनने दर्शनकडे पाहिलं. दर्शनने फरशीकडे.

सगळं पुन्हा उभं राहिलं. आता वरचं टोक खालच्याच्या आत. छताशी जोड लहान पडला, तेव्हा वसंतराव स्वतः पिकअपमधून तुकडा घेऊन आले. कोरडी लाकडं घातली, काडी लावली. सगळे सांध्यांकडे बघत बसले. काचेमागे ज्वाळा उंच झाली, पाइप टिकटिक करत तापला. राजनने मुद्दाम एक ओलं लाकूड आत सरकवलं. वाट पाहिली. पाइप बाहेरून कोरडाच राहिला.

"नो ड्रिप!" ईश्वरी ओरडली.

"मानलं, काका," राजन हळूच म्हणाला. "बसा आता. हात धुवा, गरम चहा सांगतो."

दर्शन जवळ गेला. "बाबा," तो फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं म्हणाला, "झालं ना नीट. उद्या रिन्यूला टाकतो. ऐकताय ना? रिन्यूला."

वसंतरावांनी हात पँटला पुसले. काजळी निघाली नाही. मग त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात दोन बोटं घातली, पासपोर्ट काढला आणि दर्शनच्या तळहातावर ठेवला. निळ्या कव्हरवर अंगठ्याचा काळा ठसा उमटला. स्टुलाखालच्या चपला पायात सरकवून, उघड्या दारातून ते बाहेर चालू लागले.