आडव्या बाटलीवर शिक्का

दिघोरीकडच्या एका गावात लेकीकडे गेले होते. त्या दिवशी शाळेत बायांचं मतदान होतं. गावातलं देशी दारूचं दुकान बंद करायचं असेल तर आडव्या बाटलीवर शिक्का, चालू ठेवायचं तर उभीवर. शाळेच्या ओट्यावर माझ्याशेजारी एक म्हातारी तंबाखू चोळत बसली होती. दुकान तिच्याच मुलाचं, हे तिनंच सांगितलं.

तेवढ्यात मुलगा मोटरसायकलवर आला. "माय, दुकान बंद झालं तर खाऊ काय आपण?"

"धान लावू. तुहा बाप तेच करे."

"मंग घरी येऊ नको."

"घर माह्या नावावर आहे, बाबू. तूच येजो, जेवाच्या वेळेवर."

बाया हसल्या. ती हसली नाही. तंबाखू ओठात ठेवून, पदर खोचून ती रांगेत लागली.

दारूविरुद्ध बोलणारे मी पुष्कळ ऐकले. त्यांतल्या एकाच्याही घरचं दुकान नव्हतं.

ती बाहेर आली तेव्हा मुलगा तोंड फिरवून तिथंच उभा होता. ती त्याच्या मागे गाडीवर बसली.

"आडवीवरच मारला," ती म्हणाली. "आता चाल, सयपाक कराचा आहे."

त्यानं गाडी सुरू केली.