पुसण्याआधीचा प्रश्न

अकोल्याच्या घरी जुन्या संगणकाला टीव्ही जोडून मी आईसाठी कार्यक्रम रेकॉर्ड करायची सोय केली. रिमोट दाबला की पडद्यावर मराठी यादी यायची: पाहा, साठवा, पुसा. पुसण्याआधी मूळ सॉफ्टवेअर 'नक्की पुसायचं?' असं विचारायचं. तो प्रश्न मी मुद्दाम काढून टाकला.

यादीत सगळ्यात वर बाबांची मुलाखत होती. शेतीच्या कार्यक्रमासाठी ती आमच्या चांदूर बाजारच्या संत्र्याच्या बागेत घेतली होती. पुढे लकव्यानं बाबांची वाचा गेली. आई रोज जेवताना मुलाखत लावायची आणि बाबा स्वतःचं बोलणं ऐकत सावकाश जेवायचे.

आधीच्या केबलच्या रिमोटवर पिवळं बटण मागे जायला होतं. नव्या रिमोटवर मी मात्र त्याच बटणाला पुसायचं काम दिलं. परवा आईचं बोट सवयीनं पिवळ्यावर गेलं आणि मुलाखत यादीतून गेली. डिस्क काठोकाठ भरलेली; मी येईपर्यंत त्या जागेवर एका मालिकेचं रेकॉर्डिंग सुरूही झालं होतं, म्हणजे मुलाखत आता परत मिळणार नव्हती.

"माह्या हातानं गेलं रे," आई म्हणाली.

"नाही आई. थे पयले इचारत होतं. मीच काढलं."

"काहून काढलं?"

मी चळवळीची पत्रकं वाचत वाढलेला माणूस. दोनदा विचारणं हा साध्या माणसाचा अपमान आहे, असं मी तशाच एका पत्रकात ठणकावून लिहिलंही होतं.

"तुले कोणी अडाणी समजू नये म्हणून."

"समजू दे ना बाप्पा! तुह्या बापाचा आवाज तं रायला असता."

बाबांनी डाव्या हातानं ताट बाजूला सारलं.